लक्षणं नसलेली बाई

कारखान्यात तिला तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठ वळली की कात्रीबाई. हे नाव तिला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. कापणं हा तिचा धंदाच होता. इस्पितळांचे, शाळांचे, हॉटेलांचे गणवेश शिवणारा तो कारखाना. पहिल्या मजल्यावर खिडक्यांच्या कडेनं लांबच लांब टेबल होतं. त्यावर कापडाचे चाळीस थर अंथरायचे, वर पुठ्ठ्याचा नमुना ठेवून खडूनं रेघ मारायची, आणि मशीन धरून एका दमात चाळीस बाह्या कापून काढायच्या. एकतीस वर्षांत तिची रेघ चुकली नव्हती. माणसांच्या बाबतीतही तिचं तसंच होतं. एकदा खडू मारला की मारला.

आजारी पडणं हा तिच्या मते रिकामटेकड्यांचा उद्योग होता. तिनं उभ्या नोकरीत एकदाच मोठी रजा घेतली, ती मुलीच्या जन्माच्या वेळी. कुणी शिंकलं की ती मान वर न करता म्हणायची, "झालं सुरू." कुणी डोकं दुखतंय म्हणालं तर म्हणायची, "दुखायला आधी असावं लागतं." लोक हसायचे. ज्याला उद्देशून बोललेलं असे तोही हसायचा, कारण न हसणाऱ्याला दुसरा वार मिळे.

आजारपण म्हणजे नाटक, या मताचा पुरावा तिनं घरातच पाळून ठेवला होता. तिचा नवरा. जन्मभर वजनकाट्यावर कारकुनी केली, दुसऱ्यांच्या ट्रकांची वजनं लिहिली, आणि निवृत्त झाल्यावर लिहायला काही उरलं नाही म्हणून स्वतःची प्रकृती लिहायला घेतली. लाल पुठ्ठ्याची वही होती. सकाळचा ताप, संध्याकाळचा ताप, नाडीचे ठोके, पोटाचा कारभार. इमारतीतली पोरं त्याला थर्मामीटर काका म्हणत. सोमवारी गुडघा, मंगळवारी छाती, बुधवारी कानात शिट्टी. गेली चार वर्षं तो मरायला टेकलेला होता आणि चार वर्षांत त्याचं वजन सहा किलोंनी वाढलं होतं.

"तुम्ही मेलात तरी आधी वहीत लिहाल," ती म्हणायची, "आणि मगच मराल."

"एक दिवस कळेल तुला," तो म्हणायचा.

"कळेल की. तुम्ही लिहून ठेवालच."

मग तो विषाणू आला. शहर बंद झालं, शाळा बंद झाल्या, हॉटेलं ओस पडली. कारखाना मात्र चालू राहिला, कारण इस्पितळांना झगे हवे होते, आज मागितले तर कालच हवे होते. मॅनेजरनं सगळ्यांना मास्क वाटले आणि दोन मशीनमध्ये एक जागा रिकामी सोडायला लावली. कात्रीबाईनं मास्क हनुवटीला अडकवला. कुणी विचारलं तर सांगायची, "हनुवटीला थंडी वाजते."

टेबलाच्या टोकाला, उजेडाच्या जागी काजाचं मशीन होतं. त्यावर बसणारी काजवाली कात्रीबाईपेक्षा दहाएक वर्षांनी लहान. शांत, भित्री, कामाला चोख. तिचा संसार म्हणजे ती आणि तिची थोरली बहीण, बस्स. ती एकावर एक दोन मास्क लावायची, मशीनचं चाक पुसायची, खुर्ची पुसायची, डबा उघडण्याआधी डबाही पुसायची.

"अगं, किती पुसशील?" कात्रीबाई म्हणाली. "पुसता पुसता एक दिवस तूच पुसली जाशील."

मशीनच्या खडखडाटात ऐकू यायचं नाही, म्हणून बोलायचं तर तिच्या कानाशी वाकावं लागे. काजवाली तेवढ्यापुरती मागे सरकायची. एकदा ती हळूच म्हणाली, "ताई, जरा वर घ्या ना तो."

"का गं? माझं तोंड बघवत नाही का तुला?"

आजूबाजूच्या सगळ्याजणी हसल्या. काजवालीही हसली असावी. दोन मास्कांमागे काय दिसणार?

त्या आठवड्यात नवऱ्याला ताप आला. खराखुरा, शंभराच्या वर. घसा धरला, अंग मोडून आलं, आणि सकाळी चहाचा कप नाकाशी धरून तो आरामखुर्चीतून ओरडला, "वास येत नाही! अगं, वासच येत नाही!" त्याच्या आवाजात भीती होती, पण तिला त्यात थोडा विजयही ऐकू आला. चार वर्षांच्या तपश्चर्येला फळ आलं होतं.

"चहात पत्ती कमी पडलीय," ती म्हणाली आणि कामाला निघाली.

पण झग्यांची मागणी देणाऱ्या इस्पितळानं अट घातली होती की शिवणाऱ्या प्रत्येकाची तपासणी झाली पाहिजे. तपासणीचं केंद्र घराजवळच, एका बंद शाळेच्या व्हरांड्यात होतं. नवरा म्हणाला, मीही येतो. रांगेत तो भिंतीला टेकून, डोळे मिटून उभा राहिला. पुढच्या-मागच्यांनी आपोआप चार पावलं जागा सोडली. ती त्याच्या शेजारी ताठ उभी, घड्याळ बघत. नाकात काडी घातली तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं काडी घालणाऱ्या मुलीला विचारलं, "सापडलं का काही? मेंदूपर्यंत गेली होतीस म्हणून विचारते."

तिसऱ्या दिवशी आरोग्य खात्यातून फोन आला. नवऱ्यानं झडप घालून उचलला, वही उघडून पेन सरसावलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा पडत गेला.

"निगेटिव्ह?" तो म्हणाला. "मी? पुन्हा बघा. मला ताप आहे. वास येत नाही. … साधी सर्दी? मग पॉझिटिव्ह कोण?"

त्यानं फोन कानापासून दूर धरला आणि तिच्याकडे असं पाहिलं, जसं वर्षभर घोकंपट्टी करणारा पोरगा अभ्यास न करता पहिल्या आलेल्याकडे पाहतो.

तिनं फोन घेतला. फोनवरची बाई थकलेली होती, प्रश्न वाचून दाखवत होती. ताप आहे का? नाही. खोकला? नाही. धाप लागते का? जिने चढून पाहा. "तीन मजले रोज चढते. नवऱ्याच्या औषधांची पिशवी घेऊन."

"म्हणजे तुमच्यात लक्षणं नाहीत," बाई म्हणाली.

"हे माझी सासू पहिल्या दिवसापासून सांगत होती. त्यासाठी तिला नाकात काडी घालावी लागली नाही."

पलीकडे कोणी हसलं नाही. चौदा दिवस वेगळ्या खोलीत राहायचं, बाहेर पडायचं नाही, भांडी वेगळी, आणि बोटाला लावायचं ते यंत्र घेऊन रोज प्राणवायू मोजायचा.

नवऱ्याचं ठाम मत पडलं की नावांची अदलाबदल झाली आहे. तिचंही तेच मत होतं. तीस वर्षांच्या संसारात दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत होण्याची ही दुसरी का तिसरी वेळ असेल. पण सरकारी कागदाला मतं कळत नाहीत. संध्याकाळपर्यंत ती आतल्या खोलीत आणि तो बाहेर, अशी वाटणी झाली.

आता आजारी माणूस दाराबाहेर स्वयंपाक करू लागला आणि धडधाकट माणूस आत पलंगावर बसून राहिला. पहिल्या दिवशी भात करपला. दुसऱ्या दिवशी कच्चा राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं दोन्ही साधलं, खाली करपलेला आणि वर कच्चा. ताट दारातल्या स्टुलावर ठेवून, दारावर टकटक करून तो असा पळायचा जसा फटाक्याला बत्ती लावून पळतात. पळता येत होतं, हे तिनं लक्षात ठेवलं. गुडघ्याचा वार होता.

बोटाचं यंत्र दोघांत एकच होतं. सॅनिटायझरनं पुसून ते दारातल्या स्टुलावरून इकडून तिकडे जाई. तिचा आकडा नव्व्याण्णव यायचा. त्याचा सत्त्याण्णव. हे दोन गुण त्याच्या जिव्हारी लागले.

इमारतीच्या सेक्रेटरीनं त्यांच्या दारावर कागद चिकटवला. तो चिकटवताना त्याला खोकल्याची अशी उबळ आली की आत, दोन दारांपलीकडे, तिला ऐकू गेलं.

"कोण खोकतंय?" तिनं ओरडून विचारलं.

"मी आहे, वहिनी. धुळीचा खोकला. काळजी घ्या हं, तुम्ही आता आजारी आहात."

"तुम्ही खोकता तो धुळीचा, आणि मी गप्प बसले तो आजार. तपासून घ्या भाऊ, काडी लहान असते."

तो तपासायला गेला नाही. इमारतीत एकूण चोवीस घरं. तपासून घेतलेली माणसं फक्त ती आणि तिचा नवरा. त्यामुळे चोवीस घरांत एकच रोगी सापडला, हा हिशोब सगळ्यांना पटला. तिचा कचरा कुणी उचलेना. दूध खालच्या पायरीवर राहू लागलं. समोरची बाई आपल्या गॅलरीतले कपडे वाळत घालताना तोंड दुसरीकडे करी, जणू हिची नजर जरी पडली तरी चादरीला ताप येईल. हीच बाई फोनवर मात्र रोज चौकशी करायची, आणि तिला काहीच होत नाही हे ऐकून तिचा विरस व्हायचा.

"वास येतो का पण?"

"येतो. तुमच्या गॅलरीतल्या कुंडीत मांजरानं काय केलंय तेही कळतं."

एकूण आजाराबद्दलचं तिचं मत पहिल्यापेक्षा पक्कं झालं. एवढा जगाला वेठीला धरणारा विषाणू, आणि तिच्या अंगात शिरून त्याला साधी शिंक काढता आली नाही. तिनं खोलीतलं कपाट तीनदा आवरलं. पडद्यांच्या पट्ट्या उसवून पुन्हा घातल्या. मुलीनं परगावाहून फोन करून विचारलं की आई, खरंच काही होत नाही ना, तर म्हणाली, "होतंय ना. कंटाळा. त्याची तपासणी निघाली की सांग."

सहाव्या दिवशी दुपारी मॅनेजरचा फोन आला. तिच्या जागी ज्याला टेबलावर उभं केलं होतं त्यानं कॉलरचा नमुना उलटा ठेवून चाळीस कॉलरी वाया घालवल्या होत्या. तिला फार बरं वाटलं. उरलेलं कापड कसं वाचवायचं ते तिनं सांगितलं, मधूनमधून त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि फोन ठेवणार तोच मॅनेजर म्हणाला, "आणि काजवालीचं कळलं ना तुम्हाला?"

"काय?"

"परवा इस्पितळात हलवलं. ऑक्सिजनवर आहे. तुमच्याच टेबलापाशी बसायची ना ती?"

त्याचा हेतू वाईट नव्हता. तो सरळ माणूस होता, जागेची चौकशी करत होता. तिनं हो म्हटलं आणि फोन ठेवला.

मग ती बोटांवर दिवस मोजत बसली. तपासणीचा दिवस, त्याआधीचे चार, त्याआधीचे दोन. उलटे मोजले, सुलटे मोजले. काजवालीच्या कानाशी वाकून आपण शेवटचं काय बोललो ते आठवू लागली आणि आठवलं: बटणं मोठी आलीत, काज सैल घे. एवढंच. ते हातवारे करूनही सांगता आलं असतं.

संध्याकाळी आरोग्य खात्यातल्या बाईचा रोजचा फोन आला. ताप? नाही. खोकला? नाही. बाई फोन ठेवणार तेवढ्यात तिनं विचारलं, "लक्षणं नसलेल्या माणसाकडून दुसऱ्याला होतो का?"

"होऊ शकतो," बाई म्हणाली. "म्हणूनच तर तुम्हाला आत ठेवलंय."

"आणि कुणाचा कुणाला झाला ते कळतं का?"

"तुमच्या बाबतीत आता नाही कळणार."

त्या दिवशी तिनं ताट तसंच परत ठेवलं. नवऱ्यानं दारावर टकटक केली. मग पुन्हा केली. मग पहिल्यांदाच पळून न जाता स्टूल ओढून दारापलीकडे बसला.

"ताप आला का?" त्यानं विचारलं. आवाजात आशा नव्हती, हे तिच्या कानानं टिपलं.

"नाही." मग तिनं काजवालीचं सांगितलं. सगळं नाही. सांगितलं त्यातून उरलेलं त्याला समजलं. वजनकाट्यावर आयुष्य काढलेला माणूस. ट्रकात वर काय दिसतं आणि खाली काय भरलंय, यातला फरक त्याला कळायचा.

"छातीत कसं वाटतंय?"

"दगड ठेवल्यासारखं."

"आणि हातपाय गार?"

"हो."

"मला रोज असंच होतं," तो म्हणाला. "रोज सकाळी. तुला काय वाटलं, मी हौसेनं लिहितो?"

"मला तसंच वाटलं," ती म्हणाली. "आणि अजूनही वाटतं."

तो उठून गेला. राग आला असेल, असं तिला वाटलं. पण बाहेरून फोनवरचं बोलणं ऐकू येऊ लागलं. त्यानं मॅनेजरकडून काजवालीच्या बहिणीचा नंबर मिळवला होता आणि तिच्याकडे, एका अनोळखी बाईकडे, चौकशा करत होता. आकडा किती? नळी नाकाला की मास्क? पालथं झोपवतात का? औषधांची नावं तो एकदाही न अडखळता घेत होता. चार वर्षांत त्यानं जे वाचलं, पाठ केलं, ज्याला सगळं घर हसलं, ते सगळं त्या बहिणीला हवं होतं. तिला कुणी धड काही सांगत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दाराबाहेरून वाचून दाखवलं, "सकाळी साडेसात. एक्याण्णव. ऑक्सिजन चालू. दोन घास खाल्ले." लाल वहीत काजवालीसाठी वेगळं पान काढलं होतं. स्वतःचा ताप लिहायला तो त्या दिवशी विसरला, आणि पुढचे चार दिवसही. अठ्ठ्याऐंशी. नव्वद. पुन्हा अठ्ठ्याऐंशी. एका संध्याकाळी त्यानं आकडा वाचलाच नाही, नुसता म्हणाला, "आज राहू दे." तीही विचारायला धजली नाही. तिच्यासारखी बाई गप्प बसली, हे लक्षण आरोग्य खात्याच्या यादीत नव्हतं.

त्यानंतरच्या दुपारी ब्याण्णव आले, आणि दोन दिवसांनी चौऱ्याण्णव.

चौदा दिवस संपले. दारावरचा कागद निघाला. ती कामाला निघाली तेव्हा जिन्यात चार-सहा बिऱ्हाडं दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती. कुणीतरी म्हणालं, "लढून आलात, वहिनी!" चौदा दिवस ज्यांनी तिचा कचरा ओलांडला त्यांचेच हात ते.

"कुणाशी लढले?" ती म्हणाली. "मी पडदे शिवत होते." आणि टाळ्यांच्या मधून खाली उतरली. सेक्रेटरी टाळ्या वाजवायला नव्हता. तो धुळीच्या खोकल्यानं इस्पितळात होता.

काजवाली अडीच महिन्यांनी कामावर आली. दोन मास्क तसेच होते, पण त्यावरचं कपाळ ओळखू येत नव्हतं. कारखान्याचा जिना अठरा पायऱ्यांचा. आठव्या पायरीवर ती बसली आणि उठेना. मॅनेजरनं तिचं मशीन खाली, सामानाच्या खोलीत लावून दिलं. तिथं खिडकी नव्हती. डोक्यावर एक नळीचा दिवा, तीन बाजूंना दोऱ्यांच्या रिळांची कपाटं.

पहिल्या दिवशी चहाच्या सुट्टीत कात्रीबाई खाली गेली. मास्क नाकापर्यंत ओढलेला. दारातच उभी राहिली.

"काज नीट आलेत का बघायला आलात?" काजवालीनं विचारलं. आवाज खरवडल्यासारखा झाला होता.

"हो," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाही." तिला एवढं अडखळताना कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून काजवालीनं मशीन थांबवलं.

"मला तपासणीत निघाला होता. तुला माहीतच असेल."

"माहीत आहे. तुमचे यजमान माझ्या बहिणीला रोज फोन करायचे. चांगले आहेत हो."

"ते जाऊ दे. माझ्याकडून गेला का तुला?"

काजवालीनं दोरा दातांनी तोडायला तोंडाशी नेला, मास्क आठवला, आणि कात्री शोधून तोडला.

"ते मला कसं कळणार, ताई? बहिणीलाही खोकला होता. बसमध्ये माणसं होती. पाण्याच्या नळावर रांग होती. कुणाचं नाव घेऊ?" तिनं श्वास घ्यायला मध्ये थांबून पुढे सांगितलं, "पण मी वर घ्या म्हटलं तेव्हा तुम्ही हसलात. सगळ्यांना हसवलंत. ते मात्र तुमच्याकडूनच."

कात्रीबाईनं नाकावरचा मास्क पुन्हा नीट बसवला.  वर सुट्टी संपल्याची घंटा झाली.

"काज सैल घे," ती शेवटी म्हणाली. "बटणं अजून मोठीच येतायत."

"घेतलेत," काजवाली म्हणाली आणि मशीन सुरू केलं.

दोघींची मैत्री वगैरे काही झाली नाही. काजवालीनं तो विषय पुन्हा काढला नाही आणि ती तो विसरलीही नाही, हे ती ज्या पद्धतीनं खुर्ची थोडी मागे सरकवायची त्यावरून कळे. पण कात्रीबाई रोज चहाच्या सुट्टीत, आपल्या हातानं कापलेले गठ्ठे उचलून त्या अठरा पायऱ्या उतरून खाली जायची आणि दोघी आपापला चहा आपापल्या टोकाला बसून प्यायच्या. वरच्या बायकांना याचं नवल वाटे. एकीनं धीर करून विचारलं, ताई, हल्ली तुम्ही खालीच असता.

"वर तुमची बडबड ऐकवत नाही," कात्रीबाई म्हणाली आणि गठ्ठा उचलून निघाली.